निसर्गाचा दुजाभाव : सीपी-भंगातून नव्या भौतिकीचा शोध

कण आणि त्याचा प्रतिकण यांचे वस्तुमान तंतोतंत सारखे असते, सरासरी आयुर्मानही सारखे असते. मात्र एखाद्या ठरावीक वाटेने क्षय पावण्याची दोघांची संभाव्यता सारखीच असली पाहिजे, असे बंधन निसर्गाने स्वतःवर घालून घेतलेले नाही. क्षयांच्या हिशेबात पडणारी ही तफावत म्हणजे सीपी-भंगाची खूण. सी म्हणजे कणाच्या जागी प्रतिकण ठेवणे आणि पी म्हणजे आरशातल्याप्रमाणे डावे-उजवे उलटवणे. हे दोन्ही बदल एकदम करूनही भौतिक नियम जसेच्या तसे राहिले, तर सीपी सममिती अबाधित आहे असे म्हणतात. बीटा-किरणोत्सर्गामागची क्षीण आंतरक्रिया ही सममिती किंचित मोडते. प्रबळ आणि विद्युतचुंबकीय आंतरक्रियांत ती मोडल्याचे आजवर आढळलेले नाही.

या किंचित भंगाला एवढे महत्त्व आले ते विश्वाच्या जमाखर्चामुळे. महास्फोटात द्रव्य आणि प्रतिद्रव्य समसमान निर्माण झाले असेल, तर दोघांनी एकमेकांचा नाश करून मागे केवळ प्रकाश उरायला हवा होता. प्रत्यक्षात दर दहा अब्ज फोटॉनांमागे सुमारे ६ बॅरिऑन, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, शिल्लक राहिले. दीर्घिका, तारे, ग्रह यांच्यातले सारे नेहमीचे द्रव्य त्या शिलकीतले. आंद्रेई साखारोव यांनी १९६७ मध्ये अशी शिल्लक उरण्यासाठी तीन अटी सांगितल्या: बॅरिऑनांची एकूण संख्या बदलू शकणारी प्रक्रिया, सी आणि सीपी या दोन्ही सममितींचा भंग, आणि औष्णिक समतोल ढळलेला असणे. कणभौतिकीच्या प्रचलित सिद्धांतात, म्हणजे स्टँडर्ड मॉडेलमध्ये, सीपी-भंग आहे, पण त्यातून निघणारी शिल्लक प्रत्यक्ष शिलकीच्या पासंगालाही पुरत नाही. तेव्हा भंगाचा आणखी एखादा उगम असला पाहिजे. तो क्वार्कांच्या क्षयांतच सापडेल याची हमी नाही. तो न्यूट्रिनोंच्या जगातही असू शकेल. क्षयांचा अभ्यास चालतो तो आणखी एका भरवशावर. एखादा अवजड अज्ञात कण थेट घडवण्याइतकी ऊर्जा त्वरकात नसली, तरी क्षयाच्या मधल्या टप्प्यात तो आभासी रूपाने क्षणभर भाग घेऊ शकतो आणि कण-प्रतिकणांच्या हिशेबात फरक पाडून जातो.

असा फरक दिसण्यासाठी एकाच आरंभापासून एकाच शेवटापर्यंत निदान दोन वाटा असाव्या लागतात. पुंजभौतिकीत दोन्ही वाटांचे तरंग मिसळतात आणि त्यांच्यातील कलांतरावर निकाल ठरतो. हे कलांतर दोन जातींचे असते. क्षीण आंतरक्रियेतून आलेले कलांतर प्रतिकणाच्या बाबतीत उलट्या चिन्हाचे होते. प्रबळ आंतरक्रियेतून आलेले तसेच राहते. क्षयातली असममिती, म्हणजे थेट सीपी-भंग, दोन्ही जातींचे कलांतर असेल तरच उमटते. शोधायचे असते ते पहिले, आणि मोजमापात अटळपणे मिसळलेले असते दुसरे. क्वार्कांना बांधून ठेवणारे बल अशा क्षयांच्या ऊर्जांना इतके तीव्र असते, की नेहमीच्या आसन्न पद्धती तिथे चालत नाहीत. या क्षेत्राचा साठ वर्षांचा इतिहास बराचसा या एका अडचणीभोवती फिरला आहे, आणि आजची परिस्थितीही तिच्याच अंगाने नीट समजते.

जेम्स क्रोनिन, व्हॅल फिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत दीर्घायुषी उदासीन केऑनचे क्षय तपासले. सीपी सममिती खरी असती, तर या कणाने दोन पायॉनांत कधीच फुटू नये. तो हजारांत सुमारे दोनदा तसा फुटत होता. क्रोनिन आणि फिच यांना १९८० चे नोबेल मिळाले. स्पष्टीकरण मात्र त्याआधीच, १९७३ मध्ये, क्योतो विद्यापीठातील माकोतो कोबायाशी आणि तोशिहिदे मास्कावा यांच्याकडून आले होते. क्वार्कांच्या तीन पिढ्या असतील, तर त्यांच्या मिश्रणाच्या सारणीत एक कलाकोन उरतो, जो कोणत्याही युक्तीने काढून टाकता येत नाही. सीपी-भंग त्यातूनच येतो. तेव्हा ज्ञात क्वार्क तीनच होते. सहाव्याचा, टॉप क्वार्कचा, शोध लागायला १९९५ उजाडले. या प्रतिपादनाचे खरे सामर्थ्य त्याच्या काटकसरीत आहे. केऑन, डी मेसॉन, बी मेसॉन, बॅरिऑन या सर्वांतील सीपी-भंग एकाच कोनातून निघाला पाहिजे. म्हणून कुठल्याही दोन मोजमापांत विसंगती सापडली, तरी नव्या भौतिकीचा सुगावा लागतो.

या चौकटीची निर्णायक परीक्षा बी मेसॉनांवर झाली. उदासीन बी मेसॉन आपल्या प्रतिकणात आपोआप बदलत राहतो. त्यामुळे जे-साय आणि केऑन या जोडीकडे जाणाऱ्या त्याच्या दोन वाटा तयार होतात: थेट क्षय, आणि आधी रूपांतर मग क्षय. या विशिष्ट क्षयात प्रबळ आंतरक्रियेचा वाटा जवळपास पूर्णपणे छेदला जातो आणि हवा तो कोन स्वच्छ मिळतो. बी मेसॉन जेमतेम दीड पिकोसेकंद जगतो. तेवढ्यात त्याने कापलेले अंतर मोजता यावे म्हणून कॅलिफोर्नियातील स्लॅक आणि जपानमधील त्सुकुबा येथे असमान ऊर्जांचे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकराव घडवणारी यंत्रे बांधली गेली. तेथील बाबार आणि बेल या प्रयोगांनी २००१ मध्ये असममिती जाहीर केली. ती हजारांत दोन अशी क्षुल्लक नव्हती, चांगली मोठी होती. आज त्या कोनाच्या दुपटीची ज्या ०.७ च्या आसपास मोजली गेली आहे. सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाचा २०२३ चा आकडा ०.७१७ आहे. कोबायाशी आणि मास्कावा यांना २००८ मध्ये नोबेलचा निम्मा वाटा मिळाला.

पुढे चौकशीचे स्वरूप बदलले. मूळ चित्र बरोबर आहे हे ठरल्यावर प्रश्न उरला तो त्याला चिकटलेल्या लहानशा दुरुस्तीचा. इथे सैद्धांतिक निर्मळपणाला सर्वाधिक किंमत आहे. बी मेसॉनच्या डी मेसॉन आणि केऑन यांतल्या क्षयांवरून मिळणारा गॅमा कोन या बाबतीत आदर्श म्हणावा असा आहे. त्यात प्रबळ कलांतर गृहीत धरावे लागत नाही, ते मोजमापातूनच निघते. एलएचसीबीचे एकत्रित उत्तर ६४.६ अंश असून अनिश्चितता सुमारे २.८ अंश आहे. इतर राशींवरून अप्रत्यक्षपणे काढलेला कोन ६५-६६ अंशांच्या घरात येतो. फट दिसत नाही.

स्ट्रेंज क्वार्क असलेल्या बी मेसॉनची कथा अधिक बोधप्रद आहे, कारण तिथे फट दिसली होती. त्याच्या मिश्रणातील कलाकोन स्टँडर्ड मॉडेलनुसार जवळजवळ शून्य, उणे ०.०३७ रेडियन, असायला हवा. अमेरिकेतील फर्मीलॅबच्या टेव्हाट्रॉनवर २००८ च्या सुमारास तो बराच मोठा असावा अशी चिन्हे दिसली. तिथल्याच डीझीरो गटाने २०१० मध्ये समान विद्युतभाराच्या म्यूऑन-जोड्यांत जवळपास १ टक्क्याची असममिती जाहीर केली. ती अपेक्षेहून तीन सिग्मांनी, म्हणजे अनिश्चिततेच्या तिपटीने, अधिक होती. नव्या कणांवरच्या शोधनिबंधांची झोड उठली. नंतर एलएचसीबीने कलाकोन मोजला तो उणे ०.०३९ रेडियन, अनिश्चितता ०.०२२ रेडियन. डीझीरोच्या निष्कर्षाला इतर कोणत्याही प्रयोगाने दुजोरा दिला नाही. बेलचेही असेच झाले. २००३ मध्ये फाय आणि केऑन यांतल्या बी-क्षयात अपेक्षेच्या उलट चिन्हाची असममिती दिसली होती. विदा वाढत गेली तसतशी ती जे-सायच्या उत्तराशी जुळत गेली. तीन सिग्मांच्या बातमीवर किती भरवसा ठेवावा, याचा धडा या दोन प्रकरणांनी पुरेसा दिला आहे.

टिकून राहिलेल्या विसंगती वेगळ्या जातीच्या आहेत. बी मेसॉनच्या केऑन-पायॉन क्षयांचे कोडे घ्यावे. उदासीन बी विद्युतभारित केऑन आणि पायॉन यांत फुटतो तेव्हा असममिती उणे ८ टक्क्यांच्या आसपास असते. विद्युतभारित बी केऑन आणि उदासीन पायॉन यांत फुटतो तेव्हा ती अधिक ३ टक्क्यांकडे झुकते. ढोबळ हिशेबाने दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. फरक आठ सिग्मांहून मोठा आहे, तेव्हा तो नशिबाचा खेळ नाही. पण गौण मानलेली एखादी वाट प्रबळ आंतरक्रियेमुळे फुगली असेल, तरी असाच फरक पडेल. यावर उपाय म्हणून चारही केऑन-पायॉन क्षयांना एकत्र गुंफणारा एक नियम सुचवला गेला, ज्यात ही अनिश्चितता बरीचशी गळून पडते. तो तपासायला उदासीन केऑन आणि उदासीन पायॉन यांची जोडी नीट मोजावी लागते, आणि ते काम फार कठीण आहे. बेलच्या पुढच्या आवृत्तीचे, बेल-टू प्रयोगाचे, उत्तर शून्याशी सुसंगत आहे, पण त्याची अनिश्चितता १३ शतांशांची. एवढ्या जाड मापाने कोडे सुटत नाही.

केऑनच्या क्षयातील थेट सीपी-भंगाने हाच पेच उलट बाजूने दाखवला. त्याचे अस्तित्व सर्न आणि फर्मीलॅब येथील प्रयोगांनी १९९९ मध्ये पक्के केले. तो दर दहा हजारांत सुमारे १७ इतका सूक्ष्म आहे. सिद्धांताकडून आकडा मागितला तेव्हा अवकाश-काळाची जाळी कल्पून महासंगणकावर गणित करणाऱ्या आरबीसी-यूकेक्यूसीडी गटाने २०१५ मध्ये प्रयोगाहून खूपच लहान उत्तर दिले आणि नव्या भौतिकीची चर्चा लगेच सुरू झाली. त्याच गटाचे २०२० चे सुधारित उत्तर सुमारे २२ आले, मोठ्या अनिश्चिततेसह, आणि तफावत नाहीशी झाली. प्रयोगशाळेत एकही नवा केऑन न मोजता एक विसंगती उभी राहिली आणि मावळली.

चार्म क्वार्कच्या बाबतीत तर सिद्धांताची लाज राखणे कठीण झाले. एलएचसीबीने २०११ मध्ये डी मेसॉनच्या केऑन-जोडी आणि पायॉन-जोडी यांतल्या दोन क्षयांतील असममितींचा फरक उणे ०.८ टक्के असल्याची चिन्हे जाहीर केली. एवढा आकडा स्टँडर्ड मॉडेलमध्ये बसत नाही, असे आधी सांगितले जात होते. तो आल्यावर कदाचित बसेलही, असे म्हणणारे लेख आले. आकडा पुढे विरला. खरा शोध २०१९ मध्ये लागला: फरक दहा हजारांत १५.४, विश्वासार्हता ५.३ सिग्मा. २०२२ मध्ये दोन्ही क्षय वेगवेगळे केल्यावर पायॉन-जोडीत दहा हजारांत सुमारे २३ एवढी असममिती दिसली, तर केऑन-जोडीत तिचे चिन्हसुद्धा निश्चित ठरले नाही. दोन्हींची चिन्हे एकमेकांविरुद्ध असावीत, अशी सर्वसाधारण अपेक्षा होती. ही नव्या कणाची करामत की प्रबळ बलाची, हे आज सांगता येत नाही. चार्मचे वस्तुमान असे अडनिडे आहे, की हलक्या क्वार्कांच्या पद्धती त्याला लागू पडत नाहीत आणि अवजड क्वार्कांच्याही नाहीत.

बॅरिऑनांचे क्षेत्र अगदी अलीकडे उघडले. दृश्य विश्वाचे द्रव्य बॅरिऑनांचे, आणि सीपी-भंग मात्र २०२५ पर्यंत फक्त मेसॉनांत निश्चितपणे दिसलेला होता. त्या वर्षी एलएचसीबीने बॉटम क्वार्क असलेल्या लॅम्डा बॅरिऑनच्या प्रोटॉन, केऑन आणि दोन पायॉन यांतल्या क्षयात २.४५ टक्के असममिती ५.२ सिग्मा विश्वासार्हतेने नोंदवली. ऐतिहासिक टप्पा म्हणून त्याचे मोल निर्विवाद आहे. पण चार कणांच्या अशा क्षयाचे अचूक भाकीत करणारे गणित हाताशी नसल्याने नव्या भौतिकीविषयी त्यातून तूर्त फारसे काही निघत नाही. या अंगाने चीनमधील बीईएस-थ्री प्रयोग अधिक सूचक वाटतो. तिथे गुंतलेल्या अवस्थेत जन्मणाऱ्या क्साय हायपरॉन आणि प्रतिहायपरॉन यांच्या जोडीवरून क्षीण आणि प्रबळ कलांतर एकमेकांपासून वेगळे करून मोजता आले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर शून्याशी जुळणारे आहे. पद्धत मात्र दुखण्याच्या मुळावरच बोट ठेवते.

सर्वांत आशादायक वाटतात त्या शून्य-चाचण्या, म्हणजे स्टँडर्ड मॉडेलचा आकडा अत्यल्प किंवा अतिशय नेमका माहीत असलेले क्षय. टाउ लेप्टॉनच्या केऑन-पायॉन क्षयात बाबारने २०१२ मध्ये अपेक्षेच्या विरुद्ध चिन्हाची असममिती २.८ सिग्मांनी नोंदवली. ती अजून ना पक्की झाली, ना निकालात निघाली. दीर्घायुषी केऑनचा उदासीन पायॉन आणि न्यूट्रिनो-जोडी यांतला क्षय सीपी-भंगाशिवाय जवळपास होतच नाही, आणि त्याचा अपेक्षित दर दहा हजार कोटींत सुमारे ३ असा पक्का ठाऊक आहे. जपानमधील तोकाई येथील कोटो प्रयोगाची आजची मर्यादा त्याच्या सुमारे सत्तरपट वर आहे. मधली सगळी जागा मोकळी आहे.

एलएचसीबीचा नूतनीकृत डिटेक्टर आता अनेक पट वेगाने नोंदी घेतो. एकट्या २०२४ मध्ये जमलेली विदा आधीच्या दोन्ही पर्वांतील एकूण विदेच्या तोडीची आहे. पुढच्या दशकातील दुसऱ्या नूतनीकरणानंतर गॅमा कोन अर्ध्या अंशाहून कमी अनिश्चिततेने मिळावा, असा अंदाज आहे. उदासीन पायॉन आणि न्यूट्रिनो असलेले क्षय मात्र बेल-टूकडेच पाहत आहेत. त्या प्रयोगाच्या सिलिकॉन व्हर्टेक्स डिटेक्टरचा चौथा थर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने जुळवला आहे. बेल-टूच्या यंत्राचे लक्ष्य बेलच्या सुमारे पन्नासपट विदेचे असले, तरी २०२४ अखेर तिचा दीड टक्काही हाती आलेला नव्हता. केऑन-पायॉनचा नियम काही शतांशांपर्यंत तपासला जाणे आता या वेगावर अवलंबून आहे, आणि चार्मचा निकाल जाळीवरच्या गणितावर.