४० हजार गावं आणि एक ड्रॉपडाउन

फील्डवर्कचा डेटा भरायला जावामध्ये छोटं सॉफ्टवेअर लिहायची वेळ तुमच्यावर कधीतरी येईल. गाव निवडायला 'जेकॉम्बोबॉक्स' घ्यायचा, डेटाबेसमधून एकेक ओळ वाचत लूपमध्ये 'अ‍ॅडआयटम' करायचं, झालं काम! बहुतेक ट्युटोरियल्स एवढंच शिकवतात. दहा नावांना ते चालतं. महाराष्ट्रातली ४० हजारांहून जास्त गावं भरून बघा, मग खिडकी गोठते.

का? लूपमधल्या प्रत्येक 'अ‍ॅडआयटम'ला मॉडेल बदलल्याची सूचना जाते. शिवाय रुंदी ठरवायला स्विंग यादीतली सगळी नावं मोजून बघतं. आणि क्वेरी इव्हेंट थ्रेडवरच चालवली असेल, तर तेवढा वेळ बटणंही दाबली जात नाहीत.

यावर उपाय आहेत. क्वेरीत फक्त कोड आणि नाव मागवा, ती 'स्विंगवर्कर'मध्ये चालवा. यादी आधी तयार करून मॉडेल एकदाच 'सेटमॉडेल'ने बसवा. जावा ११ पासून मॉडेलला 'अ‍ॅडऑल'ही आहे. 'सेटप्रोटोटाइपडिस्प्लेव्हॅल्यू'ला एक लांबलचक नाव दिलं की रुंदीची मोजणी टळते.

पण माझा खरा आक्षेप वेगाबद्दल नाहीच. समजा, यादी झटक्यात भरली. पुढे काय? एका वेळी दिसतात आठ नावं. 'व' दाबलं तर व-ने सुरू होणारं पुढचं नाव येतं, पुन्हा दाबलं की त्याच्या पुढचं. वडगाव नावाची गावं तर कितीतरी आहेत. यादीत नुसती नावं असतील, तर कुठलं वडगाव निवडलं हे तुमच्या विश्लेषणाला कधीच कळणार नाही. प्रोग्रॅम एरर देणार नाही, आलेख छान येईल, आणि निष्कर्ष मात्र दुसऱ्याच तालुक्याचा असेल.

म्हणून यादीत स्ट्रिंग नको, गावाचा कोड सांभाळणारा ऑब्जेक्ट ठेवा. रेंडररमधून नावासोबत तालुकाही दाखवा. त्याहून बरं म्हणजे आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. तालुक्यात सरासरी शंभरेक गावं उरतात, आणि तेवढ्यांना साधा ड्रॉपडाउन पुरतो. तालुका माहीत नसेल तर टाइप करून शोधायची सोय द्या आणि डेटाबेसकडून पहिली वीसच नावं मागवा.

'४० हजार नोंदी पटकन कशा भरू?' हा प्रश्न पडला की थोडं थांबा. त्याआधीचा प्रश्न विचारा: वापरणाऱ्याला त्यातल्या किती बघायच्या आहेत? संशोधनातही बरेचदा असंच असतं. उत्तराचा वेग वाढवण्याआधी प्रश्न तपासावा लागतो.