सूत्र आहे, प्रकरण नाही

‘आचारसंहिता’ म्हटले की मराठी वाचकाला निवडणूक आठवते. जागतिक व्यापारात मात्र हा चांगलाच भरभराटीला आलेला गद्यप्रकार आहे. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या स्वतःच्या संहिता असतात, त्यांच्या संघांच्या असतात, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्याही असतात. वकील त्या वाचतात, लेखापाल वाचतात. साहित्याचा वाचक तिकडे फिरकत नाही. वास्तविक त्या संहितेत शब्दांपलीकडे काहीच नसते, आणि त्यातल्या एका क्रियापदाच्या रूपावर वऱ्हाडातल्या मजुराचे बरेवाईट ठरू शकते. अशी एक संहिता इथे वाङ्मय म्हणून वाचायची आहे: अन्न व कृषी संघटनेने 1985 मध्ये स्वीकारलेली आणि 2013 मध्ये नव्या रूपात आलेली कीटकनाशकांविषयीची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता.

वाचण्याची रीत मात्र रिद्धपूरची घेतो. म्हाइंभटांनी इथे वाजेश्वरीत, शके 1200च्या सुमारास, लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे केशोबासांनी त्यातून चक्रधरांची वचने वेगळी काढली आणि सूत्रपाठ तयार झाला. भिक्षा कशी मागावी, अटन कसे करावे, संगत कोणाची टाळावी, असा आचार त्यात सूत्ररूपाने आला. गोष्टीतून वाक्य बाहेर काढले की ते पाठ करायला सोपे जाते. पण ते मोकाटही होते. ज्याला जसे हवे तसे तो लावतो. महानुभाव पंडितांना हा धोका फार लवकर कळला. त्यांनी ‘प्रकरणवश’ रचले, म्हणजे प्रत्येक सूत्राला त्याचा प्रसंग परत जोडून दिला: हे वचन कुठे निघाले, कोणाला उद्देशून, कशावरून. भटोबासांना सांगितलेले आणि महादाइसेला सांगितलेले एका मापाने घेता येत नाही. (महादाइसा तर उलट विचारल्याशिवाय काही स्वीकारत नसे, आणि चक्रधरांना ते आवडे.) जगातल्या व्यापारी संहिता लिहिणाऱ्यांना ही सातशे वर्षांपूर्वीची काळजी ठाऊक असण्याचे कारण नाही, तिची गरज मात्र त्यांनाच जास्त होती.

आता संहितेचे तिसरे कलम पाहा. त्यातल्या एका पोटकलमाचा आशय असा: ज्या कीटकनाशकांसाठी लागणारी अंगरक्षक साधने त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी असतील, ती टाळली जावीत, उष्ण प्रदेशातले लहान शेतकरी आणि शेतमजूर यांच्या बाबतीत तर विशेषच. हे वाक्य ज्याने लिहिले त्याने माणूस उन्हात उभा असलेला पाहिलेला आहे. त्रासदायक, महाग, न मिळणारी ही तीन विशेषणे हवेतून येत नाहीत. रबरी हातमोजे आणि तोंडावरची जाड पट्टी घालून भर दुपारी फवारणी करता येत नाही, हे त्याला माहीत होते. अशा कोरड्या मसुद्यात इतकी माणुसकी क्वचित सापडते.

आणि नेमके याच वाक्यात कर्ता नाही. टाळली जावीत, पण कोणी टाळायची? बनवणाऱ्याने, परवाना देणाऱ्या सरकारने, कृषी केंद्राच्या दुकानदाराने, वावराच्या मालकाने, की पाठीवर पंप घेतलेल्याने? संहितेत इतरत्र सरकारांनी अमुक करावे, उद्योगाने तमुक करावे असे नाव घेऊन सांगितलेले आहे. इथे, माल टाळण्याची गोष्ट निघते तेव्हा, वाक्य कर्मणी होते. हा योगायोग असेल. मला तो वाटत नाही. अनेक पक्षांची संमती मिळवत लिहिलेल्या मजकुरात कर्ता पुसला जातो तो बहुधा याच ठिकाणी. शिवाय ही संहिता ऐच्छिक. म्हणजे आज्ञार्थाचे बळ नाही आणि कर्त्याचे नावही नाही.

2017च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते वाचकांना आठवत असेल. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, दमट उकाडा, दोन-तीन औषधे एकत्र करून फवारणी. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. त्या काळातली चर्चा आठवून पाहा. हातमोजे घातले नव्हते, अंगावर पुरते कपडे नव्हते, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारले. बाटलीसोबतच्या घडीपत्रकात सगळे लिहिलेले होतेच: बारीक अक्षरांत, हातभर लांब कागदावर. संहितेतल्या रिकाम्या जागी अखेर कर्ता आला, आणि तो सगळ्यांत दुबळा माणूस निघाला. ज्या मजुरासाठी ते वाक्य लिहिले गेले, त्याच्यावरच ते उलटले.

माल उलट्या दिशेने जात होता तेव्हाची भाषा याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडची रुई हवी होती, आणि तिच्यात सरकी, माती, पाणी मिसळलेले असते अशी तिकडची तक्रार होती. लगेच 1863 मध्ये मुंबई इलाख्यात कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा झाला. भेसळ करणारा, भेसळीचा माल विकणारा, शिक्षा: सगळे स्पष्ट. 1870 मध्ये खामगावला रेल्वे आली. 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने कारंज्याचा बाजार नियमांखाली आला, देशातला पहिलाच. 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. वजन कोणी करायचे, अडत्याला परवाना कोणी द्यायचा, हे त्यात नेमून दिले होते.

हा कायदा शेतकऱ्याच्या प्रेमापोटी आला असे कोणी समजू नये. बाजार समितीत व्यापारी होते. कापूस पिकवणाऱ्याला आपला माणूस पाठवायची सोय नव्हती. पण वाक्ये पुरी होती. वऱ्हाडातून बाहेर जाणाऱ्या गाठीसाठी कायदा आणि दंड, बाहेरून वऱ्हाडात येणाऱ्या बाटलीसाठी ऐच्छिक संहिता आणि कर्मणी प्रयोग. दीडशे वर्षांतल्या दोन मसुद्यांमधला हा फरक व्याकरणाचा आहे, म्हणून तो वाङ्मयाच्या अभ्यासकानेही नोंदवायला हवा.

यावर एक आक्षेप घेतला जातो: देशोदेशींच्या सरकारांना बांधणारा कायदा होणे अवघड, तेव्हा मऊ भाषेतली संहिता नसण्यापेक्षा बरी. आक्षेपात तथ्य आहे. मऊ वाक्यही कोणीतरी हातात घेऊन जाऊ शकतो. सप्टेंबर 2020 मध्ये यवतमाळच्या 51 कुटुंबांच्या वतीने काही संघटनांनी स्वित्झर्लंडमधल्या राष्ट्रीय संपर्क केंद्राकडे तक्रार केली. त्यासाठी आधार घेतला तो बहुराष्ट्रीय उद्योगांसाठी ओईसीडीने घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांचा, म्हणजे अशाच आणखी एका ऐच्छिक संहितेचा. सोबत दोन मृतांच्या पत्नी आणि एक वाचलेला शेतकरी यांनी बाझलच्या दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरला. प्रश्न होता सिंजेंटा कंपनीच्या ‘पोलो’ या औषधाचा. त्यातल्या डायफेन्थियुरॉनला युरोपीय संघात आणि खुद्द स्वित्झर्लंडमध्ये परवानगी उरली नव्हती. आपल्या औषधामुळे हे घडले हे कंपनीने नाकारले आहे.

दाव्याचा निकाल हा या लेखाचा विषय नाही. दाव्याचे गद्य कसे असावे लागते, एवढेच पाहायचे आहे. ‘उष्ण प्रदेशातले लहान शेतकरी’ हा शब्दसमूह तिथे चालत नाही. पोलिसांच्या नोंदी लागतात. कोणते गाव, कोणता दिवस, कोणती बाटली, पंप कोणाच्या पाठीवर होता, ती बाटली कोणी दिली आणि देताना काय सांगितले, हे एकेक मांडावे लागते. कोर्टाच्या मराठीत यालाही ‘प्रकरण’च म्हणतात.