हापूस नावाचा गॉथ

एप्रिलात घाटकोपर स्टेशनबाहेरच्या फळवाल्यासमोर पाच मिनिटं उभं राहा. गुजराती बेन हाफूस मागते, मराठी काका हापूस मागतात. तोच आंबा जवळच्या मॉलमध्ये कागदी जाळीत बसला की पाटीवर अल्फान्सो होतो. या आंब्याच्या चवीवर मराठीत इतकं लिहिलं गेलंय की त्यात मी भर घालणार नाही. मला भुरळ आहे ती त्याच्या नावाची. कारण हे मुळात फळाचं नावच नव्हे. ते एका पुरुषाचं, पाळण्यात ठेवलेलं नाव आहे, आणि तेही थेट जर्मॅनिक टोळ्यांकडून आलेलं.

पाचव्या शतकात या टोळ्यांपैकी व्हिसिगॉथ स्पेन-पोर्तुगालच्या भूमीत शिरले. त्यांची भाषा तिथल्या लॅटिनमध्ये विरून गेली. नावं मात्र टिकली. या लोकांची नावं बहुधा दोन शब्द जोडून केलेली असत. ‘अडाल’ म्हणजे कुलीन, ‘फुन्स’ म्हणजे सज्ज. दोन्ही मिळून अल्फान्सो, असं सर्वसाधारणपणे मानतात. काही अभ्यासक पहिल्या पदात ‘हिल्ड’, म्हणजे लढाई, पाहतात. सातव्या शतकातला टोलेडोचा संत इल्डेफोन्सस त्या घडणीचा. (त्याच ‘अडाल’पासून अडॉल्फ झालं. त्या नावाचं पुढे काय झालं, ते सांगायला नकोच.)

आता हा अर्थ मनात ठेवून पुन्हा फळवाल्याचं बोलणं ऐका. “देवगड आहे साहेब, असली माल. तयार देऊ का चार दिवसांनी लागणारा?” खानदानी आणि तयार! रणांगणावर जायला सज्ज असलेल्या गॉथ सरदाराचं वर्णन, देठाजवळ नाक नेऊन हुंगलेल्या फळाला इतकं चपखल बसावं, हा निव्वळ योगायोग आहे. पण काय बहारीचा योगायोग!

राजघराण्यांनी हे नाव उचललं. अस्तुरियासच्या गादीवर 739 मध्ये पहिला अल्फान्सो बसला. पोर्तुगालचा पहिला राजाही अफोन्सोच, आणि या नावाचे एकूण सहा राजे तिथे होऊन गेले. पोर्तुगीजांनी मधला ‘ल’ गाळून टाकला होता, म्हणून अफोन्सो. 1510 मध्ये गोवा घेणारा अफोन्सो दे अल्बुकर्क 1515 मध्ये वारला, तेव्हा राजा मानुएलने त्याच्या मुलाचं ब्राश हे नाव बदलून बापाचंच नाव ठेवायला लावलं. हापूस या अल्बुकर्कवरूनच, असं सर्रास सांगतात. गोव्यात कलमांना माणसांची नावं देण्याची रीतच पडली होती. तिथल्या एका आंब्याचं नाव फर्नांदिन आहे, तेही फर्नांडोवरून, म्हणजे पुन्हा जर्मॅनिकच.

पण मला खरी दाद द्यावीशी वाटते ती आपल्या जिभेला. पोर्तुगीज तोंडात शेवटचा ‘ओ’ जवळजवळ ‘उ’ होतो: अफोंसु. त्यातलं अनुनासिक झडलं, ‘ओ’चा ‘ऊ’ झाला आणि आफूस उरला. मग ‘फ’ मधला हकार उचलून आपण शब्दाच्या तोंडाशी नेऊन बसवला: हापूस. वजन तेवढंच, फक्त श्वास जागेवरून हलला. गुजरातीने हकार पुढे नेला आणि मागचाही सोडला नाही. व्यापारी जमात, काही वाया जाऊ देत नाही! लिंग मात्र बदललं नाही. रसासाठी शेजारी आणून ठेवलेली पायरी ‘ती’, आणि हापूस अजूनही ‘तो’.

मुंबईच्या उपनगरांना या पोर्तुगीज नावांची सवय जुनी आहे. 1534 च्या तहाने साष्टी, म्हणजे या उपनगरांचं बेट, पोर्तुगीजांकडे गेली, ती 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली त्या मोहिमेपर्यंत. आज मरोळ, आंबोली किंवा बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत घरांवरच्या पाट्या वाचत चला. फर्नांडिस, रॉड्रिग्स, गोन्साल्विस. शेवटचा ‘इस’ म्हणजे ‘चा मुलगा’. रॉड्रिगोत कीर्ती आणि सत्ता आहे, गोन्सालोत ‘गुंड’, म्हणजे लढाई. (आपल्या गुंडाशी त्याचा संबंध नाही, तरी गालातल्या गालात हसायला हरकत नसावी.) इतक्या लढाऊ नावांची ईस्ट इंडियन, म्हणजे इथली मूळची ख्रिस्ती, माणसं घरी मराठीच्या एका गोड बोलीत भांडतात, हे मला फार आवडतं.

मुलाचं नाव म्हणून अल्फान्सो आता क्वचितच कानावर येतं, आडनाव म्हणून येतं. मुलींकडे त्याला बरे दिवस आले: केरळच्या अल्फोन्सा 2008 मध्ये संत ठरल्या, भारतातल्या पहिल्या कॅथलिक महिला संत. मुलग्यांच्या बाबतीत आंब्याने घात केला असावा, असा माझा अंदाज. वर्गात या नावाचा पोरगा असला, तर मित्र त्याला डझनाचा भाव विचारल्याशिवाय राहतील का?

2018 च्या ऑक्टोबरात हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे त्यात आहेत. मुंबई उपनगर नाही. म्हणजे मुलुंडच्या चेकनाक्यापलीकडे, ठाण्याच्या हद्दीत, हे नाव मानांकनासह मिरवता येतं. नाक्याच्या अलीकडच्या सोसायटीत कुणी हौसेने हापूसचं कलम लावलं असेल, तर त्या फळाला मानांकनाविनाच हापूस म्हणवून घ्यावं लागेल.