खेळ, काम की कार्य? : वर्गणीच्या ऑनलाइन खेळांविषयी

माझा भाचा २००७ साली हिंजवडीच्या एका कंपनीत संगणक अभियंता होता. दिवसभर कचेरीत बसून तो रात्री घरी यायचा, जेवायचा आणि हिवाळ्यात साडेबारा वाजता, उन्हाळ्यात साडेअकरा वाजता पुन्हा संगणकापुढे बसायचा. वेळ अशी विचित्र असण्याचे कारण साधे होते. तो ज्या सर्व्हरवर खेळत असे तो युरोपातला, आणि तिथले लोक रात्री आठला जमत. मंगळवार, गुरुवार, रविवार. पंचवीस जणांची तुकडी, प्रत्येकाची नेमून दिलेली जबाबदारी, तीन-चार तास. यासाठी महिन्याला तेरा युरोंना एक सेंट कमी, म्हणजे तेव्हाचे सातशे-साडेसातशे रुपये, तो स्वतःच्या खिशातून भरत होता. एकदा घरच्या सत्यनारायणाच्या रात्री तो मला हळूच म्हणाला, "मामा, आज मी येणार नाही हे मी त्यांना दोन दिवस आधी कळवलंय." कचेरीतून तर तो तासभर आधी न सांगताच निघून आला होता.

त्या वाक्याने माझ्या मनात जो प्रश्न रुतला, त्याचा पाठपुरावा मी गेली काही वर्षे करतो आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. क्रीडाशास्त्र, समाजशास्त्र हे सारे ग्रंथालयात बसून आणि पुढे आंतरजालावरून वाचलेले. तेव्हा विद्यापीठीय शिस्तीत काही कमी-जास्त असेल तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. प्रश्न असा : ज्यासाठी माणूस दरमहा पैसे भरतो, ज्यात तो हजेरी लावतो, कंटाळतो, तरी जातो, त्याला खेळ म्हणायचे की काम?

आधी पैशाच्या बाजूने पाहू, कारण माझ्या मते गाठ तिथेच आहे. नाणे टाकून खेळायच्या जुन्या यंत्राला तुम्ही लवकर हरायला हवे असता. हरलात की दुसरे नाणे. दुकानातून विकत घेतलेला खेळ तुम्ही संपवला तरी त्याची हरकत नसते. पैसे आधीच मिळालेले असतात. महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या खेळाला मात्र तुम्ही हरून चालत नाही आणि संपवूनही चालत नाही. तुम्ही पुढल्या महिन्यात असायला हवे. १९९७ साली 'अल्टिमा ऑनलाइन' महिना सुमारे दहा डॉलरला सुरू झाला. १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' आणि नोव्हेंबर २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला. या सगळ्यांच्या पोटात शेवट नसण्याची हीच सक्ती आहे. शेवट नसलेल्या गोष्टीत वेळ भरायचा तर काहीतरी पुन्हा पुन्हा करायला लावणे आले. तेच रानडुक्कर शंभरदा मारायचे, तीच वनस्पती हजारदा खुडायची. इंग्रजी बोलणारे खेळाडू याला 'ग्राइंड' म्हणतात. शब्दशः दळण! मराठीतही तेच तेच करण्याला आपण दळण दळणे म्हणतो. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच जात्यावर येऊन बसल्या, याची मला मौज वाटते.

दळणावरून ओव्या आठवणे ओघानेच आले. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या चाळताना जात्याविषयी हळवे व्हायला होते. पण गावात पिठाची गिरणी आल्यावर बायांनी जाते सोडले, आणि त्यात कुणाला नवल वाटायचे कारण नव्हते. ओवीने दळणाचा खेळ झाला नव्हता. श्रम सोसण्याजोगे झाले होते, इतकेच. हा मुद्दा लक्षात ठेवू. पुढे तो उलटा होऊन भेटणार आहे.

या विषयावरचा सर्वाधिक उल्लेखिला जाणारा लेख निक यी यांचा, 'द लेबर ऑफ फन', २००६ सालचा. यी यांनी हजारो खेळाडूंची पाहणी केली होती. त्यांची सरासरी आठवड्याला बावीस तास निघाली, म्हणजे अर्ध्या नोकरीइतकी. 'स्टार वॉर्स गॅलक्सीज' या खेळातले औषधनिर्मितीचे त्यांनी दिलेले उदाहरण वाचताना मी अक्षरशः थांबलो. खेळाडू कच्च्या मालाचा शोध घेतो, उत्खननाची यंत्रे बसवतो, उत्पादन काढतो, प्रतिस्पर्ध्याचे भाव पाहून आपला भाव ठरवतो. दिवसभर हेच करून घरी आलेला माणूस रात्री पैसे देऊन पुन्हा हेच करतो. यी यांचा निष्कर्ष असा की हे खेळ आपल्याला नकळत चांगले कामगार बनवत आहेत, आणि काम व खेळ यांमधली रेघ पुसट होत आहे.

निरीक्षण अचूक आहे, पण निष्कर्षाशी मी पुरता सहमत नाही. यी साम्यावर जातात. साम्यावर गेले तर आपली हौशी नाटकमंडळीही कारखानाच ठरेल. मी स्वतः बारा वर्षे अशा एका मंडळाचा खजिनदार होतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या आधीचे दोन महिने आम्ही जसे राबायचो, तसा मी नोकरीत कधी राबलो नाही. सेट उचलणे, त्याच प्रवेशाची चाळिसावी तालीम, उशिरा येणाऱ्यावर दिग्दर्शकाचे ओरडणे. बाहेरून पाहणारा म्हणेल, हे तर लष्कराच्या भाकऱ्या भाजणे. आम्हाला ते तसे वाटत नव्हते. कंटाळा आणि श्रम ही कामाची खूण मानली, तर हौस या शब्दाला जागाच उरत नाही.

मग फरक कशात शोधायचा? याचे उत्तर मला चीनमधल्या नानजिंग शहराच्या एका वर्णनात मिळू लागले. ज्युलियन डिबेल यांनी २००७ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रविवार पुरवणीत तिथल्या 'सोनेशेतकऱ्यां'विषयी लिहिले. ही तरुण मुले बारा-बारा तासांच्या पाळीत 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळत, खेळातले सोने जमवत, आणि मालक ते सोने दलालांमार्फत श्रीमंत देशांतल्या खेळाडूंना विकत असे. मजुरी तासाला सुमारे तीस अमेरिकी सेंट. खेळातल्या वस्तूंना खरा बाजारभाव असतो हे त्याआधीच, २००१ मध्ये, एडवर्ड कॅस्ट्रोनोवा यांनी दाखवले होते. 'एव्हरक्वेस्ट'मधल्या कल्पित देशाचे दरडोई उत्पन्न त्यांनी रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान काढले होते, आणि एका तासाच्या खेळाची कमाई ३.४२ डॉलर. पण डिबेल यांच्या लेखातली मला हादरवणारी गोष्ट वेगळीच आहे. पाळी संपल्यावर या मुलांपैकी काही जण स्वतःच्या खात्यावर तोच खेळ खेळत बसत. तोच पडदा, तोच माऊस, तेच राक्षस. पाळी संपली एवढाच बदल.

म्हणजे कृतीकडे पाहून उत्तर मिळणार नाही. रॉजे कॅय्वा यांनी १९५८ मध्ये खेळाची जी लक्षणे सांगितली, त्यांत खेळ ऐच्छिक असतो आणि त्यातून काही निपजत नाही, अशी दोन आहेत. नानजिंगने दुसरे लक्षण निकाली काढले. राहिले पहिले. पण माझा भाचा तर स्वेच्छेने खेळत होता, आणि तरी त्याला रजा कळवावी लागत होती. त्याचे काय?

इथे मला मराठीतल्या एका जोडीचा आधार घ्यावासा वाटतो : काम आणि कार्य. "घरात काम आहे" आणि "घरात कार्य आहे" यांतला फरक कुणाही मराठी माणसाला सांगावा लागत नाही. लग्नकार्यात चुलते, मावशा, भाचे मध्यरात्रीपर्यंत पानसुपारी, रुखवत, बसायच्या पाटांची मोजदाद करत असतात. मजुरी नाही. गंमत आहेही आणि नाहीही. गैरहजर राहायचे तर कारण द्यावे लागते, आणि ते मालकाला नव्हे, आपल्या माणसांना. वॉरक्राफ्टच्या सुरुवातीच्या काळातली चाळीस जणांची चढाई ही माझ्या मते या जातीची होती. त्यासाठी गिल्ड, म्हणजे खेळाडूंची मंडळी, हिशेबाची वही ठेवत. 'एव्हरक्वेस्ट'च्या काळात दोन ड्रॅगनांच्या निमित्ताने एका गिल्डने ही पद्धत काढली. हजर राहिलात की गुण, एखादी दुर्मिळ तलवार घेतलीत की गुण वजा. ही वही कंपनीने दिलेली नव्हती; खेळाडूंनी आपणहून बनवली. यी यांना यात कचेरी दिसते. मला भिशीची वही दिसते.

मात्र ही उपमा फार ताणली तर माझीच फसगत होईल. लग्नघरात प्रत्येक राबणाऱ्याकडून कुणी दरमहा भाडे घेत नाही. इथे मांडव कंपनीचा आहे. आणि मांडवाच्या मालकाला हळूहळू कळत गेले की हजेरी हवी असेल तर माणसे जोडत बसायची गरज नाही, नुसती हजेरीही जोडता येते. २००७ मध्ये रोजच्या रोज करायच्या नेमून दिलेल्या मोहिमा आल्या. आज केली नाही तर आजची बुडाली. डिसेंबर २००९ मध्ये अनोळखी पाच जणांना आपोआप एकत्र आणणारी सोय आली. पूर्वी ओळखीपाळखीत विचारून, वाट पाहून जमवाजमव करावी लागे. आता एक कळ दाबायची, वीस मिनिटांत गुहा साफ करायची, निरोप न घेता पांगायचे. सोय वाढली, आणि नेमक्या याच जागी, माझ्या मते, कार्याचे काम झाले. याला मराठीत पाट्या टाकणे म्हणतात. न गेल्याचे आता कुणाला वाईट वाटत नाही, पण न गेल्याने नुकसान मात्र होते. हीच नोकरीची व्याख्या नव्हे काय?

कंपनीच्या शब्दचातुर्याचा एक किस्सा इथे सांगायलाच हवा. खेळ बाजारात येण्यापूर्वीच्या चाचणीत अशी योजना होती की फार वेळ खेळत राहणाऱ्याला अनुभवाचे गुण निम्मे मिळावेत. हेतू चांगला होता, माणसाने उठावे. चाचणी खेळाडू संतापले. तेव्हा आकडे तेच ठेवून नावे बदलली गेली. पूर्वी जो पूर्ण दर होता तो 'विश्रांती घेतलेल्याचा दुप्पट दर' झाला आणि निम्मा होता तो 'नेहमीचा' झाला. तक्रार मिटली. रचनाकार रॉब पार्डो यांनी हे पुढे एका जाहीर व्याख्यानात सांगितले. दंडाला बक्षीस म्हटले की खेळ होतो, हे त्यातून दिसते. पण मला त्यात एक हरवलेली शक्यताही दिसते. 'आता ऊठ' असे सांगू पाहणारा खेळ पहिल्या पावलालाच बोलायचा थांबला.

एप्रिल २०१५ मध्ये याच्या पुढची पायरी आली. धनिक खेळाडूने कंपनीकडून वीस डॉलरला एक टोकन घ्यायचे, खेळातल्या बाजारात सोन्याला विकायचे. घेणाऱ्याने त्यावर महिनाभराची वर्गणी फेडायची. नानजिंगचा दलाल गेला, त्याच्या गादीवर कंपनी बसली, आणि पंधरा डॉलरच्या वर्गणीचे वीस झाले. सोने जमवून वर्गणी फेडणारा खेळाडू काय म्हणायचा? मला तो खंडकरी वाटतो. जमीन कसण्याचा हक्क टिकावा म्हणून पिकातूनच खंड घालणारा. तो आनंदाने कसत असेलही. पुष्कळ कुळे आनंदाने कसत होती.

आता तो जात्याचा मुद्दा. २०१३ च्या एका संमेलनात जुना, गैरसोयीचा खेळ परत आणा, असे एका चाहत्याने म्हटले, तेव्हा कंपनीच्या अधिकाऱ्याने मंचावरूनच त्याला ऐकवले की तुम्हाला ते हवे असे वाटते, पण खरे तर नको आहे. अधिकाऱ्याचा तर्क पिठाच्या गिरणीचा होता : गिरणी आल्यावर जात्याकडे कोण परततो? आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीनेच तो जुना खेळ पुन्हा उघडला, तेव्हा आत शिरायलाच तासन्‌तास रांगा लागल्या. पायी हिंडायचे, हाका मारून माणसे जमवायची, चाळीस जणांची वाट पाहायची. लोक जात्याकडे परत आले होते, तेही पैसे देऊन.

अर्थात यात गतकाळाची ओढ होती. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण गैरसोय हेच काम असते तर ओढ सोयीच्या दिवसांची वाटली असती. मला वाटते, दळणाने कुणी पळाले नव्हते. शेजारी दुसरी बाई बसेनाशी झाली, तेव्हा जाते जड झाले.

भाचा आता पंचेचाळिशीकडे आला आहे, त्याला एक मुलगी आहे. २०१९ च्या त्या शरद ऋतूत त्यानेही वर्गणी भरली होती. जुन्या गिल्डमधले डेन्मार्क, पोर्तुगाल, पोलंडचे गडी पुन्हा जमले होते. दिवाळीत भेटला तेव्हा डोळे सुजलेले. मी विचारले, "काय रे, मजा आली का?" तो थोडा विचारात पडला. मग म्हणाला, "मामा, पहिल्या रात्री चाळिसांपैकी सदतीस आले. बाकी तिघांनी आधी कळवलं होतं."