अनिच्चाचे रंग

चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या चित्रांचे सिंहावलोकनपर प्रदर्शन न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१४ साली भरले. नागपुरात जन्मलेल्या या चित्रकाराचा झेन विचाराकडे ओढा होता. म्हणून त्यांची चित्रे ‘बौद्ध’ ठरविण्याची घाई केली जाते. आम्हांस ती मान्य नाही. चित्राचे बौद्धत्व चित्रकाराच्या वाचनात नव्हे, तर चित्राच्या घडणीत शोधावे लागते. गायतोंडे रोलरने रंगाचे थर देत, सुरीने ते खरवडीत, कागदाच्या तुकड्यांनी रंग उचलून घेत. जे काढले, त्याची खूण जे उरले त्यात दिसते. अनिच्च येथे सांगितलेले नाही. ते घडलेले आहे.

तथापि एक उणीव नोंदविणे प्राप्त आहे. हानी म्हणजे काय, हे अमरावती-अकोल्याच्या वाचकास सांगावे लागत नाही. कोरडवाहू कपाशीचे शेत आणि कर्जाने खचलेले घर त्याने पाहिले आहे. त्या दुःखाला कारणे आहेत, आणि तथागतांचा धम्म कारणांचा शोध घेण्यास सांगतो. गायतोंडे यांचा कॅनव्हास तेथे मूक राहतो. अनित्यता पाहणे ही प्रज्ञा होय. परंतु बाबासाहेबांनी धम्मात प्रज्ञेसोबत करुणाही आवश्यक मानली. म्हणून ही चित्रे आम्ही अर्धी वाट मानतो. मात्र ती अर्धी वाट खोटी नाही.