फ्रेंच कथनसाहित्यातील ‘पासे सँप्ल’ : क्रियापदरूप आणि कथनदृष्टी – एक चिकित्सा

प्रस्तावना :

फ्रेंच भाषेच्या अध्ययनात ‘पासे सँप्ल’ म्हणजे साधा भूतकाळ हा घटक बहुधा अखेरीस येतो. हा काळ बोलण्यात वापरला जात नाही, तो केवळ लिखित आणि मुख्यतः साहित्यिक भाषेत आढळतो, तेव्हा त्याची रूपे ओळखता आली म्हणजे पुरे, अशी भूमिका पाठ्यपुस्तके घेतात. बोलण्याच्या दृष्टीने ती गैर नाही. परंतु साहित्याच्या वाचकाला ती कितपत पुरेशी ठरते, हा प्रश्न शिल्लक राहतो. पासे सँप्ल हे केवळ क्रियापदाचे एक रूप आहे की कथनाकडे पाहण्याची एक दृष्टी आहे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रूपव्यवस्था आणि तिच्यातील दुर्बल स्थाने :

या काळाची रूपे स्थूलमानाने चार गटांत विभागता येतात. ‘पार्ले’ (बोलणे) यासारख्या पहिल्या गणातील क्रियापदांची रूपे पुरुष व वचन यांनुसार पार्ले, पार्ला, पार्ला, पार्लाम, पार्लात, पार्लेर अशी होतात. ‘फिनीर’ (संपवणे) या क्रियापदाच्या गटात ‘ई’ हा स्वर सर्वत्र टिकतो : फिनी, फिनीम, फिनीत, फिनीर. तिसऱ्या गटात ‘यू’ हा स्वर येतो. ‘असणे’ या अर्थाच्या ‘एत्र’चे ‘फ्यू’ आणि ‘जगणे’ या अर्थाच्या ‘व्हिव्र’चे ‘व्हेक्यू’ ही त्याची उदाहरणे होत. ‘येणे’ व ‘धरणे’ या अर्थांच्या क्रियापदांचा चौथा गट अनुनासिक स्वर घेतो. यांखेरीज ‘जन्मणे’ या क्रियापदाच्या ‘नाकी’सारखी रूपे मूळ धातूवरून सहजी ओळखता येत नाहीत.

या व्यवस्थेत दोन ठिकाणी संदिग्धता निर्माण होते. ‘फिनीर’ गटातील क्रियापदांची एकवचनी रूपे वर्तमानकाळात व पासे सँप्लमध्ये तंतोतंत सारखीच असतात, त्यामुळे काळाचा निर्णय शेजारच्या क्रियापदांवरून करावा लागतो. दुसरे स्थान अधिक नाजूक आहे. पहिल्या गणातील प्रथमपुरुषी एकवचनाचे पासे सँप्ल रूप आणि त्याच क्रियापदाचे ‘आंपार्फे’ म्हणजे अपूर्ण भूतकाळाचे रूप यांच्या लेखनात केवळ शेवटच्या एका ‘एस’ अक्षराचा फरक असतो. अनेक फ्रेंच भाषकांच्या उच्चारात तोही फरक उरलेला नाही. एकदाच घडून संपलेली कृती आणि चालू राहिलेली कृती हा मोठा अर्थभेद येथे एका अक्षरावर तोललेला आहे.

आंत्वान मेये यांनी १९०९ मध्ये साध्या भूतकाळाच्या ऱ्हासाची मीमांसा करताना अशा रूपवैचित्र्याकडे लक्ष वेधले होते. सहायक क्रियापद आणि कृदन्त यांनी बनणारा ‘पासे कोंपोझे’ हा संयुक्त भूतकाळ बोलणाऱ्याला सोपा पडतो, आणि बोलीत त्यानेच साध्या भूतकाळाची जागा घेतली.

नियमापासून संकेतापर्यंत :

या दोन भूतकाळांतील भेद आरंभी कालमर्यादेचा मानला जात असे. सोळाव्या व सतराव्या शतकांतील व्याकरणकारांच्या मते आजच्या दिवसात घडलेल्या घटनेसाठी संयुक्त भूतकाळ आणि त्यापूर्वी पूर्ण झालेल्या घटनेसाठी साधा भूतकाळ योग्य होय. १६६० च्या पोर-रोयाल व्याकरणातही ही मांडणी आढळते. फ्रेंच अकादमीने कोर्नेयच्या ‘ल सिद’ नाटकाची जी चिकित्सा केली, तीत त्याच दिवशी घडलेल्या घटनेसाठी साधा भूतकाळ वापरल्याबद्दल नाटककाराला दोष दिला होता. म्हणजे हा भेद त्या काळी जिवंत भाषेतील औचित्याचा विषय होता. पुढे साधा भूतकाळ बोलीतून मागे पडत गेला, तसा कालमर्यादेचा निकषही अर्थहीन झाला आणि हे रूप ‘येथे कथा सांगितली जात आहे’ या संकेताचे वाहक बनले.

बाँव्हेनिस्त आणि बार्थ : दोन उपपत्ती :

एमिल बाँव्हेनिस्त यांनी १९५९ च्या निबंधात या स्थितीला सैद्धान्तिक रूप दिले. त्यांच्या मते फ्रेंच क्रियापदांचे काळ ‘इतिहासकथन’ आणि ‘संभाषण’ या उक्तीच्या दोन स्तरांत विभागलेले आहेत. पहिल्या स्तरावर घटना जणू कोणीही न सांगता स्वतःच उलगडतात, आणि तेथे पासे सँप्ल नांदतो. दुसऱ्या स्तरावर ‘मी’ आणि ‘तू’ यांचे नाते असते. तेथे पासे कोंपोझे वावरतो. ही मांडणी उपयुक्त असली, तरी आत्मकथनापाशी ती अडखळते. रूसोच्या ‘कन्फेशन्स’मध्ये ‘मी’ आणि पासे सँप्ल सातत्याने एकत्र येतात. तेथे कथन व्यक्तिनिरपेक्ष आहे असे म्हणता येत नाही. सांगणारा ‘मी’ आपल्याच भूतकाळातील ‘मी’ला दूर ठेवून पाहतो, आणि हे अंतर क्रियापदाच्या प्रत्ययातून सिद्ध होते.

रोलाँ बार्थ यांनी १९५३ च्या ‘लेखनाची शून्य अवस्था’ या ग्रंथात पासे सँप्लकडे समाजचिकित्सेच्या अंगाने पाहिले. हा काळ वास्तवाला सुसूत्र, कार्यकारणबद्ध आणि सुरक्षित बनवतो. कादंबरीतील जग रचलेले आहे याची खूण आणि बूर्झ्वा समाजाला हवा असलेला दिलासा, ही दोन्ही कामे तो एकाच वेळी करतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

बार्थ यांचे निरीक्षण मार्मिक आहे, पण ते एका रूपाला एकच अर्थ चिकटवते. व्होल्तेअरच्या ‘काँदीद’मध्ये (१७५९) पासे सँप्लची वेगवान मालिका आपत्तीमागून आपत्ती ओतते. तेथे जग सुसूत्र असल्याचा दिलासा मिळण्याऐवजी त्या दिलाशाचीच टवाळी होते. फ्लोबेरच्या ‘लेद्युकास्याँ साँतिमाँताल’ (१८६९) या कादंबरीचे उदाहरण याहून बोलके आहे. नायकाच्या आयुष्यातील निर्णायक प्रसंगानंतर प्रकरण संपते आणि पुढचे प्रकरण ‘प्रवास करणे’ या क्रियापदाच्या पासे सँप्ल रूपाच्या अतिलघु वाक्याने सुरू होते. अनेक वर्षे काही ओळींत ओसरतात. येथे हा काळ रिकाम्या गेलेल्या आयुष्याची मोजदाद करतो. मार्सेल प्रूस्त यांनी १९२० मध्ये फ्लोबेरच्या शैलीविषयी लिहिताना दोन प्रकरणांमधील हीच पोकळी आणि काळांचा हा वापर गौरविला होता.

अनुपस्थितीचा अर्थ :

विसाव्या शतकात पासे सँप्ल टाळणे हीच एक साहित्यिक कृती ठरली. काम्यूच्या ‘लेत्राँजे’ (१९४२) या कादंबरीचे कथन मुख्यत्वे पासे कोंपोझेमध्ये आहे. सार्त्र यांनी १९४३ च्या समीक्षेत दाखविले, की या काळामुळे क्रियापद दुभंगते, प्रत्येक वाक्य सुटे पडते आणि घटनांमधील कार्यकारणाचा धागा तुटतो. आनी एर्नो यांनीही ‘ला प्लास’ (१९८३) मध्ये वडिलांचे श्रमिक आयुष्य सांगताना पासे सँप्लचा भारदस्तपणा दूर ठेवला.

या दोन्ही कृतींचा परिणाम एका अटीवर अवलंबून आहे. जे टाळले आहे, ते वाचकाच्या कानात असावे लागते. पासे सँप्लच्या परंपरेशी परिचय नसलेल्या वाचकाला काम्यूची भाषा केवळ सोपी वाटेल, तिच्यातील परकेपणा जाणवणार नाही.

अनुवाद आणि अध्यापन :

मराठी अनुवादात हा प्रश्न तीव्र होतो. ‘तो आला’ हे मराठी रूप घरगुती बोलण्यात चालते आणि कादंबरीतही चालते. त्यामुळे फ्रेंचमधील दोन्ही भूतकाळ मराठीत सामान्यतः एकाच रूपात येतात. ‘तो आला आहे’ हे रूप सर्वत्र योजल्यास कथन कृत्रिम होते. याउलट आंपार्फेसाठी मराठीजवळ ‘येत असे’, ‘येई’ हे समर्थ रीतिभूतकाळ आहेत. ‘येई’, ‘करी’ ही रूपे तर आज प्रामुख्याने लेखनातच भेटतात. म्हणून लेखनापुरत्या उरलेल्या क्रियापदरूपाचा अनुभव मराठी विद्यार्थ्याला अगदीच अपरिचित नाही. अध्यापनात या अनुभवाचा आधार घेता येईल.

खुद्द फ्रान्समध्ये २०१६ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांसाठी या काळाच्या तृतीयपुरुषी रूपांवर भर देण्यात आला, आणि त्यावर वाद झाला. एनिड ब्लायटन यांच्या ‘फेमस फाइव्ह’ मालिकेच्या सुधारित फ्रेंच आवृत्त्यांत पासे सँप्लच्या जागी वर्तमानकाळ आणल्यावरही टीका झाली. तृतीयपुरुषी रूपे वारंवार भेटतात, हे खरे. पण रूसोसारख्या लेखकाकडे जाणारी वाट प्रथमपुरुषातून जाते, आणि आधी पाहिल्याप्रमाणे गोंधळ सर्वाधिक होतो तोही तेथेच.

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष संभवतात. पासे सँप्लला एकच ठराविक आशय नाही, त्याचा अर्थ शेजारच्या काळांशी असलेल्या नात्यातून घडतो. प्रथमपुरुषी कथन हे बाँव्हेनिस्त यांच्या विभागणीचे कसोटीस्थान आहे. आधुनिक कथनातील या काळाची अनुपस्थिती त्याच्या ज्ञानाखेरीज वाचता येत नाही. म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यासाठी ‘ओळखता आले म्हणजे पुरे’ ही भूमिका अपुरी ठरते. त्याने ही रूपे बोलण्यासाठी पाठ करण्याची गरज नाही. मात्र एखाद्या परिच्छेदात लेखकाने हेच रूप का निवडले आणि दुसरे का नाकारले, हे त्याला सांगता आले पाहिजे.