हात कुणाचा, तलवार कुणाची?

‘मॉरोविंड’मध्ये तलवार शत्रूच्या अंगातून आरपार जाते आणि त्याला ओरखडाही उमटत नाही. बेथेस्डाचा हा गेम 2002चा. जग आपल्याच डोळ्यांनी दिसतं, अंतर बरोबर साधलेलं असतं, वेळही अचूक असते. पण आत कुठेतरी फासा पडून गेलेला असतो. त्या शस्त्रातलं पात्राचं कौशल्य, त्याची चपळाई, नशीब आणि अंगात उरलेला दम यांची बेरीज-वजाबाकी होते आणि वार हुकल्याचा निकाल लागतो. नवा खेळाडू हौसेनं गावाबाहेर धावत सुटतो. धावण्यानं दम संपतो. मग समोर आलेल्या साध्या उंदरालाही त्याचा वार लागत नाही आणि आपलं काय चुकलं हे गेम त्याला सांगत नाही.

या फाशाचं मूळ 1974च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये आहे. तिथे टेबलाभोवती बसलेल्यांना तलवार दिसत नाही. फासा निकाल देतो आणि चित्र प्रत्येकाच्या डोक्यात तयार होतं, त्यामुळे भांडण उद्भवत नाही. पडद्यावर मात्र डोळे एक सांगतात आणि फासा दुसरंच. एकाच खटल्यात दोन न्यायाधीश बसतात. ‘डायब्लो’सारख्या गेममध्ये कॅमेरा उंचावर असतो, समोर राक्षसांची झुंड असते, म्हणून हुकलेला एखादा वार खपून जातो. तरी ‘डायब्लो 3’नं 2012मध्ये खेळाडूचा वार हुकवणारा तो हिशेब काढून टाकला तेव्हा कुणी त्याच्यासाठी अश्रू ढाळल्याचं आठवत नाही.

ॲक्शन आरपीजीवर, म्हणजे पात्र वाढवत स्वतःच्या हातानं लढायच्या गेमवर, बोलताना पात्राचं कौशल्य किती टक्के आणि खेळाडूचं किती, असा वाटणीचा हिशेब बहुतेकदा मांडला जातो. माझ्या मते त्यात फारसं हाती लागत नाही. पात्राचं कौशल्य नेमकं कुठे बोलतं, वारापूर्वी, वार होताना की वार लागल्यावर, हे पाहिलं तर बरे-वाईट गेम चटकन वेगळे होतात.

‘मॉरोविंड’वर झालेली टीका बेथेस्डानं ऐकली, पण औषध भलतंच दिलं. 2006च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये प्रत्येक वार लागू लागला, कौशल्य फक्त जखम किती खोल हे ठरवू लागलं. इथवर ठीक होतं. पण सोबत शत्रूही खेळाडूच्या लेव्हलप्रमाणे वाढू लागले. रस्त्यावरचे फाटके दरोडेखोर काही दिवसांनी काचेचं महागडं चिलखत घालून पैसे मागायला उभे! पात्र वाढलं तरी कुणाच्या पुढे गेलं नाही, आणि खेळाडूचा हात सुधारला तरी समोरचा तेवढाच चिवट होत गेला. दोन्ही कौशल्यं एकाच वेळी निरर्थक करण्याची किमया त्या गेमनं साधली.

पात्राचं कौशल्य कुठे बोलावं, या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याआधीच, 2001मध्ये, जर्मनीत सापडलेलं होतं. पिरान्हा बाइट्स या छोट्या स्टुडिओच्या ‘गॉथिक’मध्ये एक बेनाम कैदी जादूच्या भिंतीआडच्या खाणवस्तीत ढकलला जातो. त्याला तलवार धरता येत नाही, आणि हे दिसतं. एका हाताची तलवार तो दोन्ही हातांनी, लाकूड फोडायला निघाल्यासारखी धरतो. वार जड, सावकाश, एकामागून एक जुळत नाहीत. मग लेव्हल वाढवून मिळवलेले गुण खर्च करून वस्तादाकडे शिकायचं. शिकून बाहेर पडलं की पकड बदललेली असते: तलवार एका हातात, पाय नीट रोवलेले, वार जलद, आणि एका वारातून दुसरा काढायची सोय झालेली. पुढच्या शिकवणीनंतर ती साखळी आणखी सफाईदार होते.

यात घडतं काय, ते नीट पाहण्यासारखं आहे. फासा नाही, डोळ्यांना खोटं पाडणारा निकाल नाही. पात्राचं अडाणीपण त्याच्या शरीरात उतरलेलं आहे, त्यामुळे हरलो तरी ‘गड्याला अजून येत नाही’ हे पटतं. शिकल्यावर आकडा फुगण्यापेक्षा बोटांना नवं काम मिळतं. आणि ते काम वेळेवर करणं शेवटी खेळाडूलाच भाग असतं; बटणं नुसती बडवत राहिलं तर शिकलेली साखळीही तुटते. पात्र शक्यता उघडतं, खेळाडू ती वापरतो. इतकं स्वच्छ उत्तर मिळूनही पुढची अनेक वर्षं मोठ्या स्टुडिओंनी त्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

बंदुकांच्या बाबतीत असंच शहाणपण 2000च्या ‘डेउस एक्स’मध्ये होतं. वॉरन स्पेक्टर यांच्या चमूनं कौशल्य नेमाच्या चौकटीत बसवलं. न शिकलेल्याची चौकट रुंद असते, पण स्थिर उभं राहिलं तर ती हळूहळू आवळत जाते. म्हणजे कच्च्या नेमबाजालाही अचूक गोळी मिळते, फक्त त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. शत्रू अंगावर येत असताना तेवढा धीर धरायचा की नाही, हा खेळाडूचा निर्णय.

तिथे एक गंमतही आहे. नायक जे. सी. डेंटन हा खास तयार केलेला एजंट, आणि रायफल हातात घेतली की नवख्यासारखा डगमगतो. ‘मास इफेक्ट’मध्ये (2007) हे फारच बोचलं: कमांडर शेपर्ड म्हणे मानवजातीतल्या अव्वल सैनिकांपैकी, पण तालमीवाचून स्नायपर उचलली की नेम पाळण्यात बसल्यासारखा झुलतो. 2010च्या दुसऱ्या भागात बायोवेअरनं ते सगळं कापून सरळ शूटर केलं. ‘विचर 3’च्या गेराल्टला तर दाढी पिकेपर्यंतचा अनुभव आहे, तरी सहा लेव्हल वरचा, डोक्यावर लाल कवटी मिरवणारा शत्रू त्याची तलवार जुमानत नाही. कथेला न पटणारं अडाणीपण पात्रावर लादलं की कितीही कसोशीनं आखलेली आकडेमोड खोटी वाटते.

फ्रॉमसॉफ्टवेअरच्या गेमना लोक ‘फक्त हाताचा खेळ’ म्हणतात, ते अर्धंच खरं. पहिल्या लेव्हलवर राहून अख्खा ‘डार्क सोल्स’ (2011) संपवणारे आहेत, त्यामुळे तसं वाटतं. पण पात्राची ताकद तिथेही बोलते: अमुक बळ असल्याशिवाय गदा पेलत नाही, आणि अंगावरचं ओझं एक चतुर्थांशाच्या वर गेलं की कोलांटी जड होते, निम्म्याच्या वर गेलं की धप्पकन पडल्यासारखी. हे सगळं डोळ्यांना दिसतं, म्हणून खेळाडू तक्रार करत नाही.

या घराण्याची चूक 2014च्या ‘डार्क सोल्स 2’मध्ये झाली आणि ती फार शिकवणारी आहे. कोलांटी मारताना काही क्षण पात्राला इजा होत नाही. तो क्षण किती लांब, हे तिथे ‘अडॅप्टेबिलिटी’ नावाच्या आकड्यावर टांगलं गेलं. हालचाल तीच दिसते. वेळ साधलेली असते. तरी तलवार लागते, कारण आकडा कमी. डोळे आणि फासा यांचं जुनं भांडण मागच्या दारानं परत आलं. खेळाडू चिडले, ते बरोबरच होतं. त्या कंपनीनं पुढच्या गेममध्ये तो प्रकार टाळला आणि 2019च्या ‘सेकिरो’त तर लेव्हलचे आकडे जवळपास हद्दपारच केले.

‘गॉथिक’चा खरा वारसदार प्रागमध्ये निघाला. वॉरहॉर्सचा ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ (2018) 1403च्या बोहेमियात घडतो, नायक हेन्री लोहाराचा पोर. तलवार घडवणं ऐकून-पाहून माहीत, चालवणं नाही. धनुष्य ताणताना त्याचा हात थरथरतो. त्याला वाचताही येत नाही: पुस्तक उघडलं की शब्दांतली अक्षरं उलटीपालटी दिसतात, आणि शिकत जावं तशी जागेवर येतात. पात्राचं अज्ञान खेळाडूला भोगायला लावण्याची इतकी देखणी युक्ती मी दुसरीकडे पाहिलेली नाही. लढाईत मात्र त्यांनी स्वतःच घात केला. कॅप्टन बर्नार्डकडून ‘मास्टर स्ट्राइक’ शिकला की ठरावीक क्षणी एकच बटण दाबून समोरच्याचा वार उलटवता येतो; तो इतका सरस की इतर डावपेच शिकण्यात अर्थ उरत नाही. 2025च्या दुसऱ्या भागात तो तलवारीपुरता आणि वाराच्या उलट दिशेनंच करता येईल असा बांधला, हे बरं केलं.

आकड्यांची बाजूही घ्यायला हवी, कारण बोटं सगळ्यांची सारखी चालत नाहीत. पन्नाशीतला खेळाडू, सांधे दुखणारा खेळाडू, दिवसभर राबून रात्री तासभर बसणारा खेळाडू यांना लेव्हल वाढवून डोंगर चढता येणं ही या प्रकाराची जुनी माणुसकी आहे. ‘फायनल फँटसी 16’नं (2023) वार आपोआप चुकवणारी अंगठी दिली, ती घालायची की नाही, हे खेळाडूनं ठरवायचं. ‘एल्डन रिंग’मध्ये आत्मे मदतीला बोलावता येतात. त्यांना ‘चीटिंग’ म्हणणाऱ्यांची मला कीव येते.

फ्रान्सच्या सँडफॉलचा ‘क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पेडिशन 33’ (2025) उलट्या टोकानं आला: पाळीपाळीची लढाई, पण शत्रूच्या पाळीत वार परतवण्याचं काम बोटांचं. पहिल्या दोन अंकांत मेळ सुरेख बसतो. तिसऱ्यात एका वाराची 9,999ची मर्यादा उठते आणि पात्राच्या क्षमतांचं नीट जुळवलेलं बिल्ड असेल तर बॉसची पाळी येण्याआधीच तो गारद होतो. बोटांनी इतके तास घटवलेलं सगळं त्या क्षणी बेकार.

आपल्याकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं ‘राजी’ (2020) केला. त्यातली नायिका सर्कशीत वाढलेली, म्हणून भिंतीवरून धावणं, खांबाभोवती गिरकी घेऊन वार करणं तिला पहिल्यापासून येतं. तो आरपीजी नाही. पण पात्र कोण आहे ते तिच्या हालचालीत दिसलं पाहिजे, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

पिरान्हा बाइट्स 2024मध्ये बंद पडला. ‘गॉथिक’ आजही संगणकावर चालतो. त्याची बटणांची रचना विचित्र आहे, पहिला तास वैतागाचा जाईल. पण निदान पहिल्या वस्तादाकडे जाऊन येईपर्यंत तो सोडू नका.